एक पासवर्ड आणि सत्तर पालिका

छोट्या पालिकांनी आपापलं आयटी वेगवेगळं चालवण्यापेक्षा करार करून एकत्र चालवावं, असा विषय निघाला की कोणीतरी हमखास जर्मनीतल्या झ्यूडवेस्टफालेनचं उदाहरण पुढे करतं, की बघा, सत्तरहून जास्त पालिकांनी सगळं एका ठिकाणी नेऊन ठेवलं आणि सायबर हल्ल्यात एका रात्रीत सगळ्याच्या सगळ्या आडव्या झाल्या, त्यापेक्षा आपलं आपलं वेगळंच बरं. मला हा निष्कर्ष अजिबात पटत नाही. माझं स्वतःचं रोजचं काम सर्व्हर आणि युजर सांभाळायचंच आहे त्यामुळे हे प्रकरण मी बरंच खोलात जाऊन वाचलंय, आणि माझं मत असं झालंय की एकत्र येणं बरोबरच होतं, गडबड झाली ती एकत्र येताना काय काय वाटून घेतलं आणि काय वाटायचं राहून गेलं यात. खर्च वाटला, काम सोपवलं, आणि ते काम नीट होतंय का हे बघायला कोणाचे हात मोकळेच राहिले नाहीत. म्हणून पूर्ण प्रकरण एकदा सविस्तर लिहून काढते.

आधी ही सगळी मंडळी एकत्र का आली ते बघू, कारण तिथेच अर्धं उत्तर आहे.

झ्यूडवेस्टफालेन म्हणजे नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याचा दक्षिणेकडचा डोंगराळ, जंगलाचा भाग. राज्य जर्मनीत लोकसंख्येने सगळ्यात मोठं, त्यात ३९६ शहरं आणि गावं, आणि बऱ्याचशा गावांच्या वर जिल्हा प्रशासन. आता दहा-बारा हजार वस्तीचं गाव घ्या. त्या गावाच्या ऑफिसला मोठ्या शहरासारखीच कामं आहेत, रहिवाशांची नोंद ठेवायची, ओळखपत्र आणि पासपोर्टचे अर्ज घ्यायचे, जन्म, लग्न, मृत्यू नोंदवायचे, कचऱ्याची फी, बालवाडीची फी, बांधकामाचे कागद, निवडणुकीच्या याद्या, आणि हो, कुत्रा पाळणाऱ्यांकडून कुत्र्याचा करसुद्धा, तोही तिथे पालिकाच गोळा करते. यातल्या प्रत्येक कामाचं सॉफ्टवेअर वेगळं, प्रत्येकाचे नियम वेगळे, कायदा बदलला की प्रत्येकाचं अपडेट वेगळं. एवढं सगळं सांभाळायला त्या गावाला परवडतात किती माणसं, तर एक किंवा दोन, आणि त्यातलं एक सुट्टीवर गेलं की संपलंच. चांगला सिक्युरिटीवाला माणूस अशा गावात नोकरीला येतही नाही कारण त्याला मोठ्या कंपनीत कितीतरी जास्त पगार मिळतो. त्यामुळे सामायिक संगणक केंद्राची कल्पना जर्मनीत नवी नाहीच, १९७० च्या दशकात एकेक संगणक खोलीभर जागा आणि प्रचंड पैसा खायचा तेव्हापासूनच पालिका मिळून केंद्रं चालवत आल्यात. झ्यूडवेस्टफालेनमध्ये अशी दोन जुनी केंद्रं होती, ती पुढे एकत्र होऊन एक संघ झाला, झ्यूडवेस्टफालेन-आयटी, त्याची ठिकाणं हेमर आणि झीगन ही दोन. होखझावरलांड, मेर्किशर क्राइस, ओल्पे, झीगन-विटगेनस्टाइन, झोस्ट हे पाच जिल्हे आणि त्यांच्यातली शहरं-गावं हा त्याचा मुख्य पसारा, शिवाय बाहेरच्याही काही पालिका त्याच्या सेवा घ्यायच्या.

हा संघ म्हणजे खाजगी कंपनी नव्हे हे लक्षात ठेवायला पाहिजे. त्या राज्यात पालिकांनी मिळून काम करण्यासाठी खास कायदा आहे आणि त्यात दोन रस्ते जास्त वापरले जातात. एक म्हणजे साधा करार, की एक पालिका दुसरीचं काम करून देईल आणि दुसरी त्याचे पैसे देईल. दुसरा म्हणजे एखाद्या ठराविक कामासाठी संघ काढायचा, त्याला जर्मनमध्ये त्स्वेकफरबांड म्हणतात, त्याला कायद्याने स्वतःचं अस्तित्व असतं, स्वतःचे कर्मचारी असतात, प्रत्येक सभासद पालिका आपला प्रतिनिधी त्याच्या सभेत पाठवते, आणि संघाचा प्रमुख साधारणपणे सभासदांच्याच महापौर किंवा जिल्हाप्रमुखांपैकी निवडला जातो. उत्पन्न कमी पडलं तर सभासदांकडून वर्गणी घ्यायची. म्हणजे कागदावर बघितलं तर मालकही पालिका, ग्राहकही पालिका आणि देखरेख करणाऱ्याही पालिकाच. वाचायला हे किती छान वाटतं, आणि मला खरंच ही रचना आवडते, नफ्यासाठी कोणी ओढाताण करणार नाही, डेटा सरकारी हातातच राहणार. पण मालक, ग्राहक आणि पहारेकरी एकच झाले की त्यातलं पहाऱ्याचं काम सगळ्यात आधी मागे पडतं, कारण त्याची निकड रोज जाणवत नाही. सभेत महापौर बसणार, ते वर्गणी किती वाढली ते विचारणार, नवीन सॉफ्टवेअर कधी येणार ते विचारणार, डोमेन ॲडमिनचा, म्हणजे नेटवर्कमधल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर ताबा असलेल्या खात्याचा, पासवर्ड कुठे ठेवलाय हे विचारणारा महापौर तुम्हाला कुठे सापडणार आणि त्याने ते विचारावं अशी अपेक्षा तरी कशी करायची.

ती रात्र

२९ ऑक्टोबर २०२३ हा रविवार होता, त्याच पहाटे युरोपातली घड्याळं एक तास मागे गेलेली. त्या रविवारच्या आणि सोमवारच्या मधल्या रात्री संघाच्या सर्व्हरवरच्या फाइली लॉक व्हायला लागल्या. काम अकिरा नावाच्या टोळीचं. ही टोळी २०२३ च्या मार्चपासून दिसायला लागलेली, आणि अमेरिकी आणि युरोपीय यंत्रणांनी २०२४ च्या एप्रिलमध्ये मिळून जो इशारा काढला त्यात तिच्या नावावर अडीचशेहून जास्त संस्था आणि साधारण ४ कोटी २० लाख डॉलरची खंडणी धरली होती, म्हणजे सराईत लोक. फाइली लॉक करायच्या, चिठ्ठी ठेवायची, पैसे मागायचे.

संघाच्या लोकांच्या लक्षात आल्यावर त्यांनी जे केलं ते अगदी योग्य केलं असं माझं मत आहे: सगळं बंद केलं आणि पालिकांकडे जाणाऱ्या लाइनी तोडल्या, जेणेकरून ते पुढे पसरू नये. पण त्याचा अर्थ असा की सोमवारी सकाळी सत्तरहून जास्त ऑफिसांत माणसं कामावर आली, कॉम्प्युटर लावला आणि पुढे काहीच नाही. मेल नाही, फाइल नाही, नोंदवही नाही, बऱ्याच ठिकाणी पालिकेची वेबसाइटसुद्धा नाही, म्हणजे लोकांना सांगायचं तरी कसं की आज येऊ नका. त्यात बुधवारी १ नोव्हेंबरची सुट्टी, त्यामुळे सोमवार-मंगळवारी कामं उरकून घेऊ म्हणणारे लोक काउंटरवर येणार ते येणारच.

यातलं एक टेबल जरा जवळून बघू, मृत्यू नोंदणीचं. जर्मनीत माणूस गेला की उशिरात उशिरा तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत नोंदणी कार्यालयाला कळवावं लागतं, आणि ही नोंदणी आता सगळी इलेक्ट्रॉनिक रजिस्टरात होते, जाड वह्यांचा जमाना गेला. कुटुंबाच्या वतीने बहुतेक वेळा अंत्यविधी करणारी संस्थाच कागद घेऊन येते. त्या दाखल्यावर पुढचं सगळं अवलंबून, दफन, पेन्शन, विमा, बँक. आता तो कारकून काय करणार? समोर दुःखात असलेली माणसं, हातात डॉक्टरचा कागद, आणि रजिस्टर उघडत नाही. तो फार तर हाताने लिहून देऊ शकतो की आमच्याकडे कळवलंय, नोंद नंतर होईल, पण त्यासाठीसुद्धा त्याच्याकडे छापलेला कोरा फॉर्म हवा, शिक्का हवा, आणि असं करायचा अधिकार आपल्याला आहे हे त्याला आधीपासून माहीत हवं. हा फॉर्म कपाटात आहे की नाही यावर त्या कुटुंबाचा आठवडा कसा जाणार ते ठरतं. सर्व्हरच्या बातम्या वाचताना हे टेबल मला सारखं डोळ्यासमोर येतं.

गाड्यांचंही तसंच. तिथे गाडीची नोंदणी जिल्ह्याकडे असते, नंबरप्लेटची सुरुवातच जिल्ह्याच्या अक्षरांनी होते, आणि प्रत्येक नोंद फ्लेन्सबुर्गच्या केंद्रीय वाहन खात्यापर्यंत पोहोचावी लागते. मधली लाइनच तुटलेली, त्यामुळे नवी गाडी घेणारा अडला आणि रोज गाड्या विकणारे डीलर त्याहून जास्त अडले. ओळखपत्राचा अर्ज गावातून थेट बर्लिनच्या सरकारी छापखान्यात जातो, तोही बंद. एकेक काम बघितलं तर साधं वाटतं, पण ही सगळी साधी कामं एका मोठ्या भागात एकाच दिवशी थांबली, आणि शेजारच्या गावात जाऊन करून घ्यावं म्हटलं तर शेजारचं गावही त्याच संघात, हे याचं वेगळेपण.

खंडणी दिली नाही. याबद्दल मला त्या लोकांचं मनापासून कौतुक आहे कारण आठवड्यामागून आठवडे लोकांच्या शिव्या खात पैसे न देणं सोपं नसतं. राज्याच्या सायबर गुन्हे सरकारी वकिलांकडे तपास गेला आणि बाहेरची कंपनी बोलावून फॉरेन्सिक तपासणी, म्हणजे चोर आत कसे शिरले त्याचा माग काढणं, सुरू झाली.

आत शिरले कसे

फॉरेन्सिक अहवाल २०२४ च्या जानेवारीत आला, आणि संघाने तो दाबून ठेवला नाही, लोकांसमोर ठेवला. ही गोष्ट फार कमी जण करतात, त्यामुळेच आपण आज यावर बोलू शकतोय.

पहिली गोष्ट, दार. चोर व्हीपीएनमधून आले, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायचा जो रस्ता असतो त्यातून, आणि त्या रस्त्यावर पासवर्डनंतरची दुसरी पायरी नव्हती. ओटीपी म्हणा, ॲपमधलं अप्रूव्ह म्हणा, काहीच नाही. नाव आणि पासवर्ड जुळला की आत. हे वाचून वाईट यासाठी वाटतं की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सिस्को कंपनीने जाहीरपणे सांगितलं होतं की अकिरा टोळी दुसरी पायरी नसलेल्या व्हीपीएनच्या मागे लागली आहे, अगदी टोळीचं नाव घेऊन. म्हणजे दोन महिने हातात होते. पण इशारे रोज डझनभर येतात, आणि सत्तर पालिकांचे हजारो कर्मचारी वापरतात तो रस्ता बदलायचा म्हणजे प्रत्येकाच्या फोनवर ॲप, प्रत्येकाला ट्रेनिंग, कोणाकडे ऑफिसचा फोन नाही, कोणी स्वतःच्या फोनवर घ्यायला तयार नाही, आणि प्रत्येक पालिकेची हो यायला हवी. एकत्र आयटीतली ही खरी अडचण आहे, एका पालिकेत जो निर्णय आठवड्यात होतो तो इथे सत्तर टेबलांवरून फिरतो आणि फिरता फिरता थंड होतो. तिथे नेमकं हेच झालं असा माझा दावा नाही, पण मी जिथे जिथे सामायिक सिस्टिम बघितल्यात तिथे दुसरी पायरी लांबण्याचं कारण पैसा कधीच नव्हता, कायम हेच होतं.

दुसरी गोष्ट माझ्या मते जास्त महत्त्वाची आहे. दारातून आत आलेल्याला घरभर फिरता कसं आलं? अहवालात आलं की मुख्य विंडोज डोमेनच्या ॲडमिनचा पासवर्ड ग्रुप पॉलिसीत ठेवलेला होता आणि तो उलगडता येण्यासारखा होता. हे नेमकं काय असतं ते सांगते, कारण हे आजही कितीतरी ठिकाणी असेल. विंडोजच्या नेटवर्कमध्ये शेकडो कॉम्प्युटरना एकदम एखादी सेटिंग पाठवायची तर ग्रुप पॉलिसी वापरतात. पूर्वी त्यात पासवर्डही लिहून पाठवायची सोय होती, ॲडमिनला फार सोपं पडायचं, एकदा लिहिला की सगळीकडे लागू. तो पासवर्ड एका फाइलमध्ये जाऊन बसायचा, आणि ती फाइल ज्या सामायिक फोल्डरात असते तो फोल्डर डोमेनमधला कुठलाही साधा युजर वाचू शकतो, कारण प्रत्येक कॉम्प्युटरला तिथून सेटिंग घ्यायची असते. पासवर्ड एन्क्रिप्ट केलेला असायचा, पण ते उघडायची चावी सगळ्या जगात एकच आणि ती मायक्रोसॉफ्टच्याच माहितीपत्रात छापलेली. कुलूप भक्कम, पण किल्ली दाराशेजारच्या खुंटीला. मायक्रोसॉफ्टने मे २०१४ मध्ये अपडेट काढून ही सोय बंद केली, पण त्या अपडेटने फक्त नवीन पासवर्ड लिहिणं थांबलं, जुने जे लिहून ठेवलेत ते तसेच फाइलमध्ये पडून राहिले, ते हाताने काढायचे असतात. ते शोधायला काय लागतं तर त्या फोल्डरातल्या फाइलींमध्ये 'सीपासवर्ड' हा शब्द सर्च करायचा. पाच मिनिटं लागतात.

पाच मिनिटांचं काम वर्षानुवर्षं का होत नाही हे मला माहीत आहे कारण मी स्वतः असे जुने पासवर्ड बघितलेत. कोणीतरी कधीतरी केलेलं असतं, तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो, त्या पासवर्डवर कुठली कुठली सिस्टिम चालते ते कोणालाच सांगता येत नाही, आणि बदलला आणि काही बंद पडलं तर नाव आपलं येणार. दोन जुनी केंद्रं एकत्र होऊन झालेल्या संघात तर असे साठलेले जुने कोपरे दुप्पट असणार. त्यामुळे मी त्या ॲडमिन लोकांकडे बोट दाखवणार नाही. अशा गोष्टी आतल्या माणसाला दिसत नाहीत, दिसल्या तरी हात लावायला भीती वाटते, त्यासाठी बाहेरचा माणूस लागतो जो दर वर्षी येऊन चोरासारखा आत शिरून बघेल आणि लिहून देईल.

आता कराराकडे परत येऊ. युरोपातल्या डेटा संरक्षण कायद्यात, जो मे २०१८ पासून लागू आहे, स्पष्ट आहे की पालिकेने डेटा सांभाळायला दुसऱ्याला दिला तरी नागरिकांपुढे जबाबदार पालिकाच राहते, आणि सांभाळणाऱ्याने पालिकेला तपासणी करू दिलीच पाहिजे, हे करारात लिहावंच लागतं, कलम २८. म्हणजे सत्तर पालिकांपैकी प्रत्येकीला तपासायचा हक्क होता. पण ज्या गावाने आयटीची माणसं परवडत नाहीत म्हणूनच काम संघाकडे दिलं, ते गाव तपासणी करायला माणूस कुठून आणणार? हक्क प्रत्येकाकडे सुटा सुटा, आणि कौशल्य सगळं एकाच ठिकाणी, तेही ज्याला तपासायचंय त्याच्याकडेच. या एका गोष्टीवर माझा सगळा मुद्दा उभा आहे. सर्व्हर सामायिक केले, लाइनी सामायिक केल्या, हेल्पडेस्क सामायिक केला, तसा तपासनीससुद्धा सामायिक करायला हवा होता, वर्गणीतूनच त्याचे पैसे, पण त्याने अहवाल संघाच्या संचालकाला न देता थेट सभासदांच्या सभेत ठेवायचा, आणि महापौरांना कळेल अशा भाषेत, की दाराला दुसरी पायरी आहे की नाही, एका गावात शिरलेला चोर दुसऱ्या गावात जाऊ शकतो की नाही, बॅकअप परत आणून बघितलाय की नाही. तीन प्रश्नांची हो-नाही उत्तरं. एवढं महापौर नक्की विचारू शकतात.

भिंतींचं पण तसंच आहे. एकत्र राहायचं म्हणजे एकाच हॉलमध्ये झोपायचं असं नसतं, एका इमारतीत राहून प्रत्येकाला वेगळी खोली आणि खोलीला कडी असू शकते. एका डोमेनचा एक सर्वोच्च पासवर्ड सगळीकडे चालतो तेव्हा सत्तर घरांना एकच कडी असते. खोल्या वेगळ्या करायच्या तर खर्च वाढतो, एकत्र येऊन वाचवलेल्या पैशातला बराच त्यात जातो, आणि सभेत नेमका तोच खर्च कापला जातो कारण त्यातून काउंटरवर काहीच नवीन दिसत नाही. पण एकत्र येण्यामुळे वाचलेला पैसा हा सगळा नफा नाही, त्यातला एक हिस्सा एकत्र येण्यामुळे वाढलेल्या धोक्यासाठी बाजूला ठेवायचाच असतो, हे करारातच आकड्यात लिहून टाकलं की दर वर्षी भांडायची वेळ येणार नाही.

परत उभं राहताना

बॅकअप शाबूत होते, आणि डेटा चोरून बाहेर नेल्याच्या खुणा तपासात सापडल्या नाहीत. मग लोक विचारतात की बॅकअप होता तर एवढा वेळ का लागला. कारण बॅकअप परत टाकायचा कुठे? जुन्या घरात चोर अजून लपलाय का ते माहीत नाही, त्यामुळे आधी नवं स्वच्छ घर बांधायचं, मग एकेक सॉफ्टवेअर तपासून त्यात आणायचं, मग प्रत्येक पालिकेचा प्रत्येक कॉम्प्युटर साफ करून जोडायचा. त्यात आठवडे गेले, मग महिने, २०२४ चा बराच काळ या कामात गेला. आणि ९ जून २०२४ ला युरोपीय संसदेची निवडणूक होती, मतदारयादी रहिवाशांच्या रजिस्टरातूनच निघते, ती तारीख कोणासाठी पुढे जाणार नव्हती.

त्यात रांगेचा प्रश्न. सत्तर सभासद, प्रत्येकाला आपलं आधी हवं. गाडी नोंदणी आधी की समाजकल्याणाचे पैसे आधी, मोठं शहर आधी की छोटं गाव? हे हल्ल्यानंतर ठरवायला बसलं की जो जास्त जोरात बोलतो त्याचं आधी होतं, ही माणसाची रीतच आहे. म्हणून हा क्रम करार करतानाच लिहायला हवा, शांत डोक्याने, जेव्हा कोणालाच माहीत नसतं की उद्या आपण कुठल्या बाजूला असू. माझ्या मते मृत्यू, जन्म आणि ज्यांचं महिन्याचं पोट पालिकेच्या पैशावर आहे ते सगळ्यात आधी, गाड्या त्यानंतर, कुत्र्याचा कर सगळ्यात शेवटी.

आता सुरुवातीच्या मुद्द्याकडे, की मग वेगळं राहिलेलंच बरं होतं का. त्यासाठी आन्हाल्ट-बिटरफेल्ड बघा. जर्मनीच्या पूर्वेकडचा एक जिल्हा, जुलै २०२१ मध्ये त्याच्यावर असाच हल्ला झाला, ९ जुलैला तिथे आपत्ती जाहीर करावी लागली, महापूर आला की करतात तशी, सायबर हल्ल्यासाठी असं जर्मनीत पहिल्यांदाच झालं, आणि ती आपत्ती पुढच्या वर्षीच्या जानेवारीअखेरपर्यंत चालली. तो एकच जिल्हा होता. एकटं राहिल्याने चोर दार चुकत नाही, फक्त बातमी छोटी होते आणि मदतीला माणसं कमी असतात. उलट बाजूचं उदाहरणही आहे, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये श्वेरीन शहर आणि शेजारच्या लुडविग्सलुस्ट-पार्खिम जिल्ह्याची सामायिक आयटी संस्था हल्ल्यात बंद पडली होती. म्हणजे झ्यूडवेस्टफालेनच्या दोन वर्षं आधी दोन्ही प्रकार देशातच घडून गेले होते. म्हणजे एकटं असो की एकत्र, दार आणि आतल्या भिंती भक्कम लागतातच. मग निदान भिंती बांधायला आणि दार बघायला जिथे दहा-वीस जाणती माणसं एकत्र ठेवता येतात ती रचना मी सोडणार नाही. एकट्या गावाला ती दहा माणसं कधीच मिळणार नाहीत.

फक्त एक काम संघाला सोपवता येत नाही आणि ते प्रत्येक पालिकेने स्वतःच करायला हवं, ते म्हणजे संघ बंद असताना आपण काय करायचं. हे ऐकायला सोपं वाटतं, पण आयटी दुसऱ्याकडे दिलं की ऑफिसातल्या माणसांना वाटायला लागतं की आयटी बंद पडणं हाही दुसऱ्याचाच प्रश्न आहे. झ्यूडवेस्टफालेनमध्ये ज्या पालिकांनी संघाकडून कमी सेवा घेतल्या होत्या त्यांचं कमी अडलं, पण म्हणून सगळ्यांनी कमी सेवा घ्याव्यात असं मी म्हणणार नाही, सगळं संघाकडे देऊनही तयारी ठेवता येते. नेटवर्कच्या बाहेर एक साधा मेल पत्ता आणि एक पानाची वेबसाइट तयार ठेवायची, जी एका तासात चालू होईल. सगळ्या विभागांचे, शेजारच्या पालिकांचे, दवाखान्यांचे, अंत्यविधी संस्थांचे फोन नंबर कागदावर. नोंदणीचे कोरे फॉर्म आणि कोणाला सही करायचा अधिकार आहे त्याची यादी. ज्यांना दर महिन्याला पैसे द्यायचेत त्यांची मागच्या महिन्याची यादी वेगळ्या, बंद, न जोडलेल्या ठिकाणी. आणि संघाबाहेरच्या एखाद्या जिल्ह्याशी आधीच केलेला छोटा करार की आमचं बंद पडलं तर आमचे लोक तुमच्या काउंटरवर येतील आणि तुमचं पडलं तर तुमचे आमच्याकडे. सामायिक सेवेच्या करारात सहसा हे पान नसतं, कारण करार लिहिताना सगळे सेवा चालू असण्याबद्दलच बोलत असतात.

आणि हे सगळं एकदा करून बघायचं. वर्षातून एक दिवस लाइन खरोखर काढायची, सकाळी आठ ते दुपारी बारा, आधी लोकांना कळवून. सुट्टीचा दिवस धरू नका, रिकाम्या ऑफिसात सगळंच जमतं. सोमवार धरा, काउंटरवर माणसं असू देत, आणि मृत्यू नोंदणीच्या टेबलावर एकाला खोटे कागद देऊन पाठवा, आणि किती वेळात त्याच्या हातात शिक्का मारलेला कागद पडतो ते घड्याळ लावून मोजा. पहिल्या वर्षी फॉर्म सापडणार नाही. सापडला तर शिक्का कपाटात कुलपात असेल आणि किल्लीवाली बाई रजेवर. ते लिहून घ्यायचं आणि सभेत ठेवायचं.